भट्टीचा हात

दि. ४ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

रक्ताचे निकाल आले त्या सकाळी मी आधी देवाला हात जोडले आणि मग तुझ्या मामीकडे पाहिलं. क्रम चुकला, हे मला घरी आल्यावर कळलं.

झालं असं. आमच्या बेकरीत पाव पिशव्यांत भरणाऱ्या एका माणसाला मागच्या महिन्यात कुष्ठरोग निघाला. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात सुरू झालं, पण मालक घाबरले. गिऱ्हाईक तुटेल म्हणून त्यांनी एका खाजगी प्रयोगशाळेची माणसं बोलावली. सगळ्यांच्या बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त एका पट्टीवर घेतलं. म्हणाले, रोग असेल तर रक्तच सांगेल.

निकाल घेऊन माणूस आला तेव्हा मी पहिल्या घाण्याचे साचे भट्टीतून काढत होतो. तुझी मामी समोर काउंटरवर होती. माझ्या कागदावर ‘नाही’, माझ्या हाताखालच्या लंबूच्या कागदावर ‘नाही’, भट्टीवरच्या सगळ्यांच्याच ‘नाही’. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पन्नाशीला आलो, उभा जन्म आगीपुढे गेला, आणि रक्त बघ कसं निर्मळ! अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आणि मग मालकांचा आवाज आला. “मामी, तुम्ही जरा काउंटरवरून उठा.” तिच्या एकटीच्या कागदावर ‘आहे’ होतं.

गिऱ्हाइकांची रांग लागलेली होती. सगळ्यांसमोर उठवलं गं तिला. तिने अंगावरचा एप्रन काढला, त्याची नीट घडी केली, काउंटरवर ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध चालत घरी गेली. कडेने नाही, मधोमध. डोळ्यांत टिपूस नाही. पण घरी येऊन पाहतो तर हिने आपलं ताट-वाटी वेगळी काढून खिडकीत ठेवली होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, “कागद म्हणतोय ना.”

तू अशाच रक्ताच्या तपासण्यांत काम करतेस. म्हणून लिहितो. फोनवर बोलता येत नाही, घर दोन खोल्यांचं, भिंतीला कान तुझ्या मामीचे. हा कागद कितपत खरा मानायचा? मामीला खरंच झालाय का? स्पष्ट लिही. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, मला समजेल असं लिही.

तुझा,
मामा


दि. ११ जानेवारी

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून पहिलं काम सांगते. खिडकीतलं ताट उचला आणि मामीला तुमच्या ताटाशेजारी वाढायला लावा. तिने ऐकलं नाही तर म्हणावं, ठमीने शपथ घातली आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती पट्टी रोग बघत नाही. रोगाचा जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात काही हत्यारं तयार करतं. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. पट्टी ती हत्यारं शोधते. हत्यारं सापडली याचा अर्थ एवढाच, की मामीच्या शरीराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली. लढाई हरली असा त्याचा अर्थ नाही. तुमच्याच भाषेत सांगू? बेकरीसमोरून जो जाईल त्याच्या कपड्यांना पावाचा वास लागतो. म्हणून प्रत्येकाने पाव खाल्लाच असं म्हणता येतं का?

आमच्याकडे आम्ही रुग्णांच्या आसपास राहणाऱ्या, धडधाकट माणसांचं रक्त तपासलं आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांची पट्टी ‘आहे’ म्हणते आणि त्यांतल्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच. निदान करायचं ते कातडीवरून आणि नसांवरून. अंगावर फिकट चट्टा आहे का, तिथे स्पर्श कळतो का, नसा जाड झाल्यात का. गरज पडली तर कातडीला बारीक चिरा देऊन तिथला द्रव काचेवर घेतात आणि जंतू बघतात. मामीला सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. आणि समजा रोग निघालाच, तरी गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. घाबरायचं त्यात काही नाही.

तुमचा तर प्रश्नच नाही. तुम्ही मामीला धीर द्या.

तुमची,
ठमी


दि. २० जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पावाच्या वासाचं उदाहरण मामीला वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, “हिला लहानपणी पाव चहात बुडवून मीच भरवलाय, उगाच नाही शहाणी झाली.” ताट परत माझ्या शेजारी आलं.

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीण बाई तरुण आहेत, पण हात म्हाताऱ्या बाईसारखा सबुरीचा. मामीचं सगळं अंग उजेडात पाहिलं, कापसाच्या धाग्याने जागोजागी शिवून पाहिलं, मान, कोपर, गुडघ्यामागे नसा चाचपल्या. कुठे काही नाही. म्हणाल्या, “रक्ताचं राहू द्या. तुम्हाला रोग नाही. खबरदारी म्हणून एक औषध देते, आणि अंगावर काही दिसलं तर या.” तसं कागदावर लिहूनही दिलं.

तो कागद घेऊन मी ताठ मानेने मालकांकडे गेलो. मालक माणूस वाईट नाही, पण घाबरलेला माणूस आणि वाईट माणूस यांत कधीकधी फरक करता येत नाही. म्हणाले, “मामा, दोन कागद झाले. एक ‘आहे’ म्हणतो, एक ‘नाही’ म्हणतो. गिऱ्हाईक कुठला धरेल?” मी म्हटलं, डॉक्टरांचा. ते म्हणाले, “गिऱ्हाईक वाईटावर आधी विश्वास ठेवतं.” मी म्हटलं, अहो, एकाच घरात राहतो आम्ही, एका ताटात जेवतो, माझं रक्त पाहा की! तर म्हणाले, “म्हणूनच तुम्ही आहात अजून भट्टीवर.” काउंटरवर आता त्यांचा मेव्हणा बसतो. गरम पाव पिशवीत कोंबतो, घरी जाईपर्यंत लगदा होतो.

मामी म्हणते, परत बोलावलं तरी जाणार नाही. पण सकाळी बेकरी उघडायच्या वेळेला तिचे पाय घरात थांबत नाहीत. दारापर्यंत जाते, परत येते.

मला इतका संताप आला होता की त्या दिवशी लंबू म्हणाला, “मामा, डोक्यातली वाफ काढा, नाहीतर झाकण उडेल.” मग मी सगळ्यांसमोर तापलेला साचा डाव्या हाताने, फडकं न घेता उचलला आणि टेबलापर्यंत नेला. आमच्या धंद्यात याला भट्टीचा हात म्हणतात. ज्याला आग ओळखते त्यालाच हे जमतं. वडिलांना नव्हतं जमलं, मला या दोन-तीन वर्षांत जमायला लागलं. लंबू ओरडला, “अहो, करंगळी भाजली!” खाली बघतो तर टप्पोरा फोड. मला कळलंसुद्धा नाही. पोरं बघतच राहिली. म्हटलं, बघा रे, स्वच्छ रक्ताचा माणूस.

एवढंच एक समाधान.

तुझा,
मामा


दि. २७ जानेवारी

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

मामीची बातमी वाचून जीव भांड्यात पडला. पण पत्राचा शेवट मी उभ्यानेच पुन्हा वाचला.

मामा, मागच्या पत्रात मी ‘तुमचा तर प्रश्नच नाही’ असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाका. माझ्या डोक्यात फक्त मामी होती, घाईत लिहून गेले. रोज हेच काम करणाऱ्या मुलीने असं लिहायला नको होतं.

हा रोग दोन तऱ्हांनी येतो. एका तऱ्हेत अंगात जंतू पुष्कळ असतात, तेव्हा रक्त ओरडून सांगतं. दुसऱ्या तऱ्हेत जंतू अगदी थोडे असतात. तेव्हा रक्त बहुतेक वेळा गप्प बसतं आणि इजा मात्र नसांना होते. अशा रुग्णांत आमची पट्टी अर्ध्याहून जास्त वेळा ‘नाही’ म्हणते. म्हणजे ‘आहे’ वरून जसं कोणाला रोगी म्हणता येत नाही, तसं ‘नाही’ वरून कोणाला मोकळंही सोडता येत नाही.

आता मला खरं उत्तर द्या. डाव्या हाताने साचा उचलता, तसा उजव्याने उचलता येतो का? भट्टीपुढे दोन्ही हात सारखीच वर्षं राबले आहेत. आगीने हात पक्का केला असेल तर दोन्ही व्हायला हवेत. एकच का झाला?

डाव्या हातावर कोपरापाशी फिकट डाग आहे का? तुम्ही डोळे मिटा आणि मामीला कापसाच्या धाग्याने दोन्ही हातांना शिवायला सांगा. बस्स, एवढंच करा. रागावू नका.

तुमची,
ठमी


दि. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं.

मामीच्या वेळी म्हणालीस, कागद ‘आहे’ म्हणतो पण मानू नका. आता माझ्या वेळी म्हणतेस, कागद ‘नाही’ म्हणतो पण मानू नका. मग तुमचं शास्त्र मानायचं तरी काय? सोयीचं तेवढं?

डाग आहे. भट्टीवाल्याच्या अंगावर डाग नसतील तर कोणाच्या असतील? पीठ, राख, चटके, यांतच जन्म गेला. उजव्या हाताचं म्हणशील तर तो मी जपून वापरतो. देवाने एक गुण दिला, तर त्यालाही तुम्ही शिकलेली माणसं रोग म्हणणार.

तुझी आई असती तर तिने तुला असं लिहू दिलं नसतं. राग नाही. पण हा विषय आता पुरे.

मामा


दि. १ मार्च

ठमूडे,
मामीचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिते म्हणजे काहीतरी झालं असेल, हे तू ओळखलंच असशील. माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, सांभाळून घे.

तुझं पत्र ह्यांनी गादीखाली सारलं होतं. गादी रोज कोण झाडतं, हे पुरुषांना कधी कळणार आहे देव जाणे. वाचलं मी. लगेच काही बोलले नाही. ह्यांच्याशी भांडून उपयोग नसतो, खमीर फुगायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो. पण आठवडे गेले तरी हे काही बोलेनात. ह्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. हे सुई ओवायला गेले तर डाव्या हातातून दोनदा पडली. मला म्हणतात, तुझ्या सुयाच गुळगुळीत.

परवा दुपारी हे जेवून बसले होते. मी म्हटलं, “डोळे मिटा, गंमत करायची आहे.”

“या वयात?”

“या वयातच. मिटा.”

ह्यांनी दोन्ही हात मांडीवर पसरून डोळे मिटले, देवापुढे बसतात तसे. मी कापसाचा धागा घेतला आणि डाव्या करंगळीवरून फिरवला. मग शेजारच्या बोटावरून. मग कोपराखालच्या त्या फिकट डागावरून. हे आपले शांत. शेवटी म्हणाले, “अगं, लावणार कधी?”

मी म्हटलं, “लावतेच आहे.”

ठमे, मला वाटलं होतं चिडतील. डोळे उघडले, धागा अजून करंगळीवर पडलेला होता. त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आता उजव्याला लाव.” डोळे मिटले. मी नुसता टेकवला आणि हे म्हणाले, “हो.” परत टेकवला. “हो.” मग उजवा हात तोंडावर घेऊन बसले. मी उगाच चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी हे आपणहून दवाखान्यात जाऊन आले. काय झालं ते तेच लिहितील, त्यांचा मान त्यांना. मला एवढंच म्हणाले, “कोणाला सांगू नकोस. तुझी जागा गेली, माझीही जाईल.” मी नाही सांगणार. मला काय, माझ्यावर कागदाचा डाग पडून दोन महिने झाले, सवय झाली. पण तुला म्हणून विचारते, ज्याला रोग त्याला सोडलं आणि जिला नाही तिला धरलं, हे रक्ताचं काम म्हणायचं की मालकांच्या मेव्हण्याचं?

तुझी,
मामी


दि. ८ मार्च

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

मामीचं पत्र आलं. तुम्ही स्वतः होऊन गेलात, हे वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. दुःखाने नाही. माझ्या ओळखीत फार थोडी माणसं आहेत, ज्यांनी स्वतःच्या मोठेपणाच्या खुणेकडेच संशयाने पाहिलं आहे.

एक गोष्ट माझ्याकडचीही सांगते. आमच्याकडेही अशीच पट्टी बनते, तिच्या नव्या डबीवर ‘कुष्ठरोगाचं निदान’ असं छापायचं चाललं होतं. मजकुराखाली मलाही सही करायची होती. मी केली नाही. साहेबांना म्हटलं, ही पट्टी आजूबाजूला जंतू फिरतोय का याचा अंदाज घ्यायला चांगली आहे, एका माणसाचा निकाल लावायला नाही. ते म्हणाले, “एवढं कशाला ताणता?” मी म्हटलं, “माझ्या मामीला या शब्दाने काउंटरवरून उठवलं आहे.” शब्द बदलतील की मला बदलतील, अजून ठरलेलं नाही.

तुमचं कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तुम्ही ठरवा. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. गप्प राहिलात तरी गोळ्या तेवढंच काम करतील. एकही दिवस चुकवू नका, आणि गरम वस्तूला फडक्याशिवाय हात लावू नका.

तुमची,
ठमी


दि. २२ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी तुझ्याबद्दल. सही केली नाहीस, हे मी तुझ्या मामीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “पुरे, पाठ झालं.” पण तीच शेजारणीला सांगून आली. तुझी आई आज असती तर तिने मला हा ऊर असा फुगवू दिला नसता, आपलाच फुगवला असता. फेब्रुवारीतल्या पत्रात मी तिचं नाव तुझ्याविरुद्ध वापरलं. तो तिच्यावर अन्याय होता.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या कोपरामागे बोट ठेवलं आणि माझंच बोट तिथे नेऊन दाखवलं. कातडीखाली जाड दोरी असावी तशी नस लागली. उजव्या कोपरात तशी नाही. डागावर टाचणी टोचली तरी पत्ता नाही. काचेवर घेतलेल्या द्रवात जंतू दिसले नाहीत, तरी त्या म्हणाल्या, “मामा, कुष्ठरोगच आहे, थोड्या जंतूंचा. सहा महिने गोळ्या. काम करत राहा, तुमच्यापासून कोणाला धोका नाही.” मी विचारलं, हाताचं? त्या खरं बोलल्या. “गेलेली जाणीव सगळी परत येईल असं सांगत नाही. पण उशीर केला असतात तर बोटं वाकली असती.” मला कोणापासून झाला तेही विचारलं. म्हणाल्या, हा जंतू वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो, तुम्ही कोणाला दोष देऊ नका आणि घेऊही नका.

घरी येताना फार विचार आला. मी रोज देवाला म्हणायचो, माझ्या हाताला यश दे. हात बधिर होत होता आणि मी तेच यश समजत होतो. देवाने फसवलं का? नाही. त्याने फोड दाखवला, लंबूला ओरडायला लावलं, तुला लिहायला लावलं. मीच आपल्या कौतुकात दंग होतो. आता सकाळी हात जोडतो तेव्हा काही मागत नाही. उजव्या तळव्याला डाव्याचा स्पर्श कळतो, डाव्याच्या त्या कडेला उजव्याचा कळत नाही. तसेच जोडतो.

गप्प राहायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. मग एका सकाळी भट्टीवरून पाहिलं, तर तुझी मामी बेकरीच्या समोरच्या बाजूने भाजीला चालली होती. पूर्वी ती रस्त्याच्या मधोमध चालायची. त्या दिवशी कडेने चालत होती, भिंतीला लागून. तेव्हा मला कळलं, डॉक्टरांच्या कागदाने तिचं नाव धुऊन निघणार नाही. तो रक्ताचा कागद खोटा ठरला तरच निघेल, आणि तो खोटा ठरवणारा पुरावा या गावात एकच आहे, माझा हात.

तुझी मामी आज काउंटरवर बसली आहे. सहज नाही बसली. मालक घरी आले होते. दारात उभे राहून म्हणाले, “मामी, उद्यापासून या.” ती पीठ चाळत होती. चाळण न थांबवता म्हणाली, “उठवलंत तेव्हा रांग होती. बोलावताना फक्त दार आहे.” मालक गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळेला स्वतः तिच्यापुढे चालत तिला घेऊन आले आणि रांगेसमोर म्हणाले, “माझी चूक झाली. या, बसा.” मेव्हणा उठला. लंबूने टाळी वाजवली, मग रांगेतल्या एका म्हातारीने वाजवली. दोन गिऱ्हाइकं रांग सोडून निघून गेली, तेही लिहितो. बाकीची राहिली. मी भट्टीवर आहे. मालक म्हणाले, “डॉक्टर काम करा म्हणतात तर मी कोण?” पण हे म्हणायला त्यांना तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस मी घरी बसून काढले.

म्हणजे मी उलटं सांगितलं. आधी जे झालं ते शेवटी सांगतो, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. बाकीचं सगळं लोकांनी केलं.

मामी कडेने चालताना दिसली त्याच सकाळी मी भट्टीचं दार लावलं, लंबूला म्हटलं, “दुसरा घाणा तू बघ,” आणि हात धुऊन पुढे काउंटरपाशी गेलो. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मालक म्हणाले, “मामा, तुम्ही इकडे कुठे?” मी शर्टाची डावी बाही कोपराच्या वर सारली. आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतका मोठा होता. म्हटलं, “माझ्या बायकोला कुष्ठरोग नाही. मला आहे. औषध चालू आहे, माझ्यापासून कोणाला धोका नाही, डॉक्टरांना जाऊन विचारा. तुमच्या रक्ताच्या कागदाने तिला रोगी म्हटलं आणि मला निरोगी म्हटलं. त्या कागदावरून तिला उठवलंत. आता कोणाला उठवायचं ते सांगा.”

तुझा,
मामा